तक्रारीतून गाळलेला राग

प्रिय दादा,

तुझ्यासाठी केलेल्या तक्रारीचा मसुदा आज परत आला. तिथल्या वकीलबाईंनी माझे शब्द लाल शाईने खोडलेत. 'खुनी', 'नराधम', 'हरामखोर'. आफ्रिकेतल्या मानवी हक्क आयोगाचा नियमच आहे म्हणे, अर्जात सरकारविरुद्ध अपमानकारक भाषा नको. त्यांनी तुला कोठडीत मारायचं आणि मी अदबीने बोलायचं! म्हणून उरलेला राग तुझ्याकडे पाठवतेय.

तुझ्यावरही आहेच. पूल बांधायला गेला होतास ना? मग संपावरच्या मजुरांना क्वार्टरमध्ये लपवायला कुणी सांगितलं होतं? "नसत्या भानगडीत पडू नकोस," मी फोनवर म्हटलं. तू हसलास. "तिकडे बेडोकच्या सुरक्षित फ्लॅटमध्ये बसून बोलणं सोपं आहे, सुमे."

आठ दिवसांनी तुझी पेटीच आली. कागदावर कारण लिहिलेलं, हृदय बंद पडलं. मेल्यावर सगळ्यांचंच पडतं की!

तोंडात तुळशीपत्र ठेवताना तुझी बाही सरकली. मनगटाभोवती काळेनिळे वळ होते. हे माझ्या कानाशी म्हणाले, "आता चिरफाड नको. देहाची विटंबना होते." मी बाही खाली ओढली. आमची काही तक्रार नाही, अशा कागदावर सही केली. तासाभरात तुला विद्युतदाहिनीत दिलं.

त्या देशातल्या कोर्टांनी माझी सहीच धरली. घरच्यांनाच संशय नव्हता, तर खटला कसला? तिथली सगळी कोर्टं संपायला तीन वर्षं गेली. त्याशिवाय आयोग दारात उभं करत नाही.

काल वकीलबाईंनी फोनवर विचारलं, "तुम्ही स्वतः काय पाहिलंत?" हे समोरच बसले होते. मी म्हटलं, "आठवत नाही."

फोन ठेवला तर मुक्ता ताटावरून उठली, इथल्या पोरांच्या इंग्रजीत ओरडली. "ममा, यू सॉ इट. मी पण पाहिलं. जस्ट से लाह!" चौदा वर्षांची होती रे तेव्हा ती. आमच्या अब्रूसाठी पोर तीन वर्षं गप्प राहिली. लाज वाटली मला, दादा.

तुला वचन देते. उद्या प्रतिज्ञापत्र करते, यांना आवडो न आवडो. वळ पाहिले, झाकले, काल खोटं बोलले, सगळं माझ्या नावाने लिहिते. मग आयोगाने त्या सरकारच्या आधी मलाच विचारावं, इतकी वर्षं कुठे होतीस म्हणून.

तुझी,
सुमा