पाणबुड्याचा चष्मा

भाऊबीज, मारुंजी. आत्ताच चांद्याहून, आक्काकडून आलोय.

हसू थांबत नाहीये. लहानपणीच्या माझ्या प्लास्टिकच्या शिपायांपैकी अकरा कपाटात आहेत. बारावा, पाणबुड्या, हरवलेला. त्याचा नखाएवढा चष्मा तेवढा पाकिटाच्या चोरकप्प्यात कायम असतो. त्या कंपनीने आधी सैनिक काढले, मग वैमानिक. पाणबुड्या अगदी शेवटी आला आणि कारखानाच बंद पडला. म्हणून तो कुठे मिळत नाही. किती जुने बाजार पालथे घातले!

आणि आज तो आक्काच्या अंगणात! नातवंडांनी केलेल्या मातीच्या किल्ल्यावर, बुरुजावर उभा. अंगाला गेरू, डोक्याला वातीच्या कापसाचा फेटा. जुनी खेळणी जमवणारे बघतील तर रडतील.

"म्याच नेला व्हता, लग्नात, ट्रंकंतनं," आक्का म्हणाली. "तुजी आठवण म्हून. दर दिवाळीला किल्लेदार ह्योच."

आणि मी चाळीस वर्षं शेजारच्या बंड्याला चोर समजत होतो!

परत मागावा? जिभेवर आलंच होतं. पण ती तबक घेऊन समोर. भाऊबीजेला बहिणीकडे मागतात का काही? ओवाळणी टाकायला पाकीट उघडलं आणि नोटेवर तो चष्माही ठेवला.

आक्काने तो किल्लेदाराच्या डोळ्यांवर बसवला, मागं सरून पाहिलं. "बाकीचे अकरा कुटं हायेत? गड लई मोटा हाय. येकट्यानं किती राखायचा?"

अकराही जण समोर मांडून बसलोय. मारुंजीत गेरू कुठे मिळतो?