एकाच वाक्याची चार कार्डं

प्रिय चौकशीबाई,

गुडघे आपापल्या जागी आहेत, जेवण वेळेवर होतं, तेव्हा त्याची काळजी नको. काळजी माझ्या डोक्याची आहे. कसं सांगावं कळत नाही, म्हणून कामापासून सुरुवात करतो.

आमचा शब्दकोश आता ‘क्युरिऑसिटी’पाशी आलाय. अर्थ पाच मिनिटांत लिहून होतो: कुतूहल, जिज्ञासा, चौकसपणा. खरी गंमत वापरात आहे. संशोधकाची ती जिज्ञासा, लेकराचं ते कुतूहल, आणि आपल्याकडे कुणी आलं की समोरचे काका नेमके गॅलरीत कपडे वाळत घालायला निघतात, तो भोचकपणा. इंग्रजीत तिघांचं एकाच शब्दात भागतं. आमचा नियम तुला ठाऊक आहेच: प्रत्येक अर्थाला कुणीतरी खरोखर बोललेलं वाक्य हवं, आणि कार्डावर ते ऐकल्याची तारीख. कुतूहलाची निम्मी कार्डं तुझीच आहेत. आपण झोपल्यावर आरशात कोण असतं, असं तू पाचव्या वर्षी विचारलं होतंस. तुझी आई वैतागायची आणि मी भरल्या ताटावरून उठून कार्ड शोधायचो.

तर मागच्या आठवड्यात संपादकबाईंनी माझ्यापुढे चार कार्डं मांडली. चारही याच शब्दाची, चारही माझ्या अक्षरात. वाक्यही एकच, कॅन्टीनमधल्या मावशींचं, की एवढं काय लिहिता हो दिवसभर. तारखा मात्र सोमवार ते गुरुवार, ओळीने. मला त्यातलं एकही लिहिल्याचं आठवेना. मावशी रोज तेच विचारतात, असं म्हणून मी हसलो. एरवी स्वल्पविरामावरून जीव खाणाऱ्या बाई, पण त्यांनी एक कार्ड ठेवून बाकीची तीन हळूच खणात टाकली. तेच जास्त लागलं.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. दारावर ‘मेंदूविकारतज्ज्ञ’ अशी पाटी वाचली आणि परत फिरलो. हात दाखवून अवलक्षण कशाला, अशी मनाची समजूत घातली. जन्मभर लोकांचे प्रश्न गोळा केले आणि स्वतःचा एक प्रश्न तोंडातून निघेना. मला भीती वाटते गं. शब्दच गेले तर माझ्याजवळ उरणार काय? तेव्हापासून खिशात चिठ्ठी ठेवतो, घराचा पत्ता लिहून. अजून लागली नाही.

आता मंगळवारी सकाळी अकराची वेळ घेतली आहे. रजा काढ आणि ये. मी नुसता खुर्चीत बसेन. विचारायचं ते सगळं तू विचार, डॉक्टर कंटाळले तरी थांबू नकोस, आणि उत्तर माझ्यासमोरच घे. आणखी एक. असंच पत्र तुला याआधीही आलं असेल, तर माझं मन राखायला लपवू नकोस. किती आली, तेवढं सांग.

तुझाच,
बाबा