नावाड्याच्या चार पानांची व्यवस्था

॥ श्री ॥

जिच्या कृपेने मुक्यालाही शब्द फुटतो त्या शारदेस, कुलस्वामिनीस आणि ज्यांनी माझ्या हाती प्रथम पाटी दिली त्या गुरुजनांस वंदन करून लिहितो ते येणेप्रमाणे.

मी, हणमंतराव बाळकृष्ण मुदखेडकर, वय वर्षे एकाहत्तर, सेवानिवृत्त शिक्षक, राहणार नल्लकुंटा, हैदराबाद, हे मृत्युपत्र स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय करीत आहे. स्मरण शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, परंतु मृत्युपत्रास त्यांची गरज नाही असे हिम्मतराव वकिलांनी सांगितले.

कलम १. राहते घर कन्या इंदुमती हिला. चिरंजीव गोविंद याची नोकरी राज्याच्या नव्या वाटणीत मुंबईकडे गेली असून तो औरंगाबादेस बिऱ्हाड करणार आहे. मुदखेडची शेतजमीन व त्याच्या आईचा देव्हारा त्यास द्यावा. देव परराज्यात नेल्याने रागावत नाहीत.

कलम २. पोथ्या पाठशाळेस द्याव्यात. मोठे पितळी पातेले माझे स्नेही आबासाहेब यांस. त्यांनी पुढील कलमातील वह्यांना 'खिचडी' म्हणून क्रमिक पुस्तकांच्या यादीतून वगळले, आणि माझ्या घरी तीस वर्षे खिचडीच दुसऱ्यांदा वाढून घेतली. तांबड्या शाईची दौत कोणासही देऊ नये, परसात पुरावी.

कलम ३. माझी खरी जिंदगी म्हणजे मी ऐकून उतरविलेल्या रत्नाईच्या कथेच्या सात वह्या. दत्तोबा गोंधळी सुलतान बाजारात संबळावर ही कथा अकरा दिवस लावीत असे. हरवलेल्या बारा गाई शोधत निघालेली रत्नाई मांजरेच्या वरच्या काठी मराठी बोले. तीच मांजरा मेदककडे उतरली की नावाडी तिला तेलुगूत अडवी, आणि शहराच्या वेशीवर कासारीण एवढ्या उन्हात कोठे चाललीस ते दखनीत विचारी, "कां जारी गे मां, इत्ते धूप में?" समोरच्या पोरांना तिन्ही बोली कळत आणि तिन्ही ठिकाणी ती हसत.

शाळेतील लहान मुलांसाठी मी त्याचे गोष्टीचे पुस्तक करावयास घेतले. वाणी ही धेनू आहे असे चाळीस वर्षे वर्गात शिकवूनही, पुस्तक शुद्ध असावे या अभिमानाने तिची दोन वासरे मीच गोठ्याबाहेर बांधली. तांबड्या शाईने कासारणीला मराठी बोलावयास लावले. नावाडी मराठीत इतका मिळमिळीत झाला की त्याची चार पाने मी काढूनच टाकली.

दत्तोबास वाचून दाखविले. तो म्हणाला, "नावाडी बुडवला की गुरुजी तुमी. आता रत्नाई पलीकडं जाती कशी?" मी त्यास भाषाशुद्धीवर व्याख्यान दिले. तो संबळ उचलून गेला तो पुन्हा माझी पायरी चढला नाही. दोन वर्षांनी वारला. त्या दोन वर्षांत मी त्याच्याकडे गेलो नाही, हे पाप येथे स्वहस्ते नोंदवितो.

पुढे माझी नात, इंदुमतीची सुनीता, त्या वह्या वाचू लागली. ती तेलुगू शाळेत जाते, गल्लीत दखनी बोलते आणि मराठी अक्षर लावून वाचते. नदीशी येऊन थांबली.

"आजोबा, नदी आली. मग?"

"मग रत्नाई पलीकडे गेली."

"पोहून?"

त्या दिवशी तांबडी शाई खोडली. कासारणीची बोली मला आठवत होती, ती तिला परत केली. नावाड्याची कडवी मात्र आता एकट्या भामाबाईस येतात. ती दत्तोबाची लेक, सुलतान बाजारात हार विकते. तिच्याकडे जाण्यास मला तोंड नव्हते, म्हणून चार पाने कोरी ठेवली.

गोविंद प्रेमानेच म्हणाला, "नाना, मराठी भाग मी तिकडे नेतो, छापू. उरलेलं इकडे राहू द्या." बाळ, राज्यासाठी आयोग बसला होता, रत्नाईसाठी कोणी बसवू नये. सातही वह्या अखंड, भामाबाई व सुनीता यांस समाईक. मुखपृष्ठावर दत्तोबाचे नाव आधी. तू हव्या तितक्या प्रती छाप, पण सबंध.

कलम ४. कोरी पाने भामाबाईवाचून कोणी भरू नयेत. तिची इच्छा नसल्यास ती कोरीच छापावीत.

पुरवणी. वरील कलमे वाचून दाखविण्यासाठी आज भामाबाईस बोलाविले. हारांची टोपली घेऊन ती उंबऱ्याशीच उभी राहिली. सर्व ऐकून म्हणाली, "तुमी मेल्यावर कशाला, गुरुजी? आत्ता काय माझं तोंड शिवलंय?"

मी म्हणालो, "तुझ्या वडिलांचा मी अपराधी आहे."

"हां, हैतच की. बा शेवटपर्यंत म्हणायचा, गुरुजी येतील. पोरीला पेन्सिल द्या."

ती टोपली बाजूला ठेवून बसली. "एक्कडिकि पोतावम्मा?" म्हणत नावाड्याने रत्नाईला कोठे निघालीस ते विचारले, आणि सुनीताने मला न पुसता ते तेलुगू अक्षरांत लिहिले. मी एका अक्षरासही हात लावला नाही. चार पाने भरली. पेन्सिल ठेवून सुनीता म्हणाली, "आजोबा, आता गेली पलीकडे."

सबब कलम ४ रद्द समजावे.

(सही) हणमंतराव बाळकृष्ण मुदखेडकर

साक्षीदार:
१. हिम्मतराव, वकील, नारायणगुडा
२. आबासाहेब (पातेले मिळणार म्हणून साक्षीस हरकत घेतली गेली, त्यांनी पातेले सोडले, साक्ष सोडली नाही)

मुक्काम हैदराबाद, शके १८७८, कार्तिक शुद्ध पक्ष, सोमवार, दिनांक १२ नोव्हेंबर १९५६.

हे जो वाचील, मग तो कोणत्याही लिपीत वाचो, त्याच्या नदीवर त्याची बोली जाणणारा नावाडी उभा असो. शुभं भवतु.