विमानाखालचा आरसा

३ मार्च

काचेची पेटी परत आली! इतकी वर्षं काचा कापतेय, माझी पेटी कधी परत आली नव्हती. दोष माझा नाही, मापाचा. गिऱ्हाईक म्हणजे भूगोलाचे निवृत्त मास्तर. त्यांनी आपल्या विमानाची उंची घेतली ती ते चाकांवर उभं असताना. ठेवायचंय मात्र दांडीवर, उडत असल्यासारखं. मग शेपूट छताला लागणारच की! जन्मभर पोरांकडून डोंगरांच्या उंच्या पाठ करून घेतल्या आणि स्वतःच्या विमानाची घेता येईना. हे मी तोंडावर म्हटलं. माणूस रागवायचा सोडून खूश झाला.

विमान सोबत आणलं होतं, तान्ह्या बाळासारखं दुपट्यात गुंडाळून. महायुद्धातल्या बॉम्बफेकी विमानाची हुबेहूब प्रतिकृती. ओतीव धातूची, चांगली वजनदार. चार इंजिनं. फुंकर मारली की पंखे फिरतात. मी मारून पाहिली. मग परत एकदा मारली.

६ मार्च

नवी पेटी दिली. विमान ऐटीत बसलं आत. मास्तर निघाले आणि दारातून वळले — विमानाच्या पोटाला बॉम्ब टाकायची दारं आहेत, ती उघडतात, ती दिसायला खाली आरसा हवा. हे आत्ता आठवलं! आता सुताराकडून लाकडी चौथरा करून घेणार, त्यात आरशासाठी खाच ठेवणार, मग माप आणून देणार.

मी विचारलं, तुम्ही झुरळ तरी मारता का? मग हे असलं विमान कशाला? म्हणाले, बॉम्बचं कौतुक नाही हो. "यात सात जण बसायचे. एवढ्याशा जागेत, एकमेकांना खेटून. एकट्याला हे उडवताच यायचं नाही." मग चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

७ मार्च

लेकीचा फोन. तिला सांगत होते तर मध्येच म्हणाली, आई, मघापासून तुझं मास्तर-मास्तर चाललंय. काहीतरीच! हे जाऊन पाच वर्षं झाली. कुणाशी चार शब्द बोलले तर काय आभाळ कोसळतंय?

११ मार्च

मास्तर नाहीत. सुताराने घोळ घातला असणार. सुतारच तो.

१२ मार्च

नाहीत. फोटोला चौकट करायला एक बाई आल्या, त्यांच्यावर उगाच खेकसले. नंतर चहा पाजला.

१४ मार्च

आले! चौथरा जड आहे म्हणून घरीच ठेवला, खाचेचं माप तेवढं कागदावर. अक्षर मोत्यासारखं. बसा म्हटलं, लगेच कापून देते.

काचेवर पट्टी ठेवली, कापायचा हिरा हातात घेतला आणि डोक्यात आलं — पेटी झाली, आता आरसाही होईल. मग विमान घरी आणि मास्तरही घरी. पुन्हा दुकानाची पायरी चढायचं त्यांना कारण काय? हात तिथेच थांबला.

मग जे केलं ते फक्त इथे लिहितेय. पट्टी सरकवली. आरसा मुद्दाम दोन सूत, चांगला पाव इंच, कमी कापला. खाचेत खुळखुळेल, आणि येतील तक्रार घेऊन! हे मला काम शिकवायचे तेव्हा एकच सांगायचे — चुकीचं माप दुकानाबाहेर जाता कामा नये. आज गेलं. कागदात नीट गुंडाळून, वर हसून दिलं मी. लाज वाटतेय. आणि हसूही येतंय.

१८ मार्च

आले नाहीत.

२१ मार्च

आज तरी येतील असं वाटलं होतं. आरसा खुळखुळतोय आणि माणूस गप्प कसा? एक तर भिडस्त आहेत, नाहीतर या बाईला काम येत नाही म्हणून दुसरं दुकान गाठलं. केलं तसं भोगा! त्यांच्या मापाचा दुसरा आरसा कापून तयार ठेवलाय, रोज पुसते.

लेक म्हणते, सरळ फोन कर. नंबर पावतीवर आहे. पण विचारू काय? "आरसा खुळखुळतो का हो?" तुम्हाला कसं कळलं म्हणतील!

मला ते यायला हवे आहेत. लिहून टाकलं. झालं.

२५ मार्च

मास्तर दिसले! समोरच्या फुटपाथवर. थांबले, दुकानाकडे पाहिलं, स्वतःच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि चालू लागले. मी हिरा हातात धरून नुसती उभी. हाक मारायला काय झालं होतं मला?

२६ मार्च

आले. विमान नाही, माप नाही, काही नाही.

"आरसा चपखल बसला," तक्रार करावी तसे म्हणाले. "मी माप दोन सूत वाढवून दिलं होतं. बसणार नाही, मग परत येता येईल म्हणून. तरी बसला! मग कुठल्या तोंडाने येणार होतो?"

मी स्टूल पुढे केलं. दारावरची पाटी फिरवली — दुकान बंद. मग माझ्या दोन सुतांचं सांगितलं.