झाकणाच्या आतले आकडे

३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबांची तब्येत आहे तशीच आहे. झटका येऊन तीन आठवडे झाले, वाचा अजून परतलेली नाही. त्यांचं घड्याळांचं दुकान बंद ठेवून चालत नाही, म्हणून रात्री आठला कुलूप लावून मी हॉस्पिटलात पळते. दिवसभर ते त्या खाटेवर एकटे असतात, हे मनातून जात नाही.

एक गंमत सांगते. घड्याळ दुरुस्त केलं की कारागीर झाकणाच्या आत सुईने तारीख नि आपली खूण कोरतो, हे तुला ठाऊकच आहे. पण काही घड्याळांत बाबांच्या खुणेशेजारी एक बारीक वर्तुळ आहे, आणि त्यात आकडा. आजवर नऊ सापडली, नऊही आकडे वेगळे. पोस्टमनकाकांच्या घड्याळात दोन, शिलाईवाल्या काकूंच्या घड्याळात पाच. दुपारी ऊन तिरपं येतं, सगळी घड्याळं आपापल्या सुरात बोलतात, आणि मी भिंग डोळ्याला लावून पाण्याखाली बसल्यासारखी ते आकडे बघत राहते. हे एखादं गुप्त मंडळ तर नसेल? आणि बाबा त्यात?

लोभ जरा जास्तच असू दे, सध्या लागतोय.

तुझी,
चिमटी

८ मार्च

चि. चिमटीस,
अ. उ. आ.

रहस्यकथा वाचून तुझं डोकं फिरलंय. उशीखालचं पुस्तक आधी बाहेर काढ. कारागिराच्या शंभर खुणा असतात, त्यांच्या मागे लागू नकोस. माझे गुडघे मला जिन्यापर्यंतही जाऊ देत नाहीत, नाहीतर येऊन तुझा कान धरला असता. माझा भाऊ वाईट माणूस नाही, एवढं धरून चाल. आणि वेळेवर जेवत जा.

आशीर्वाद, न मागता.
आत्या

१४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू विषय टाळलास, ते कळलं. काल सिस्टर सांगत होत्या, दिवसभर बाबांकडे माणसं येतात. एक उठतो, दुसरा बसतो. फारसं बोलत कोणी नाही, जाताना घड्याळ बघतात. कोण कोण ते विचारलं. पोस्टमनकाका, शिलाईवाल्या काकू, सगळी त्या आकड्यांचीच माणसं! बाबांच्या पोटात काही गुपित असेल, ते फुटू नये म्हणून हा पहारा असेल, तर? मी सांगून टाकलं, माझ्याशिवाय कोणालाही आत सोडू नका.

तेव्हापासून दुसऱ्याच कोणाच्या स्वप्नात शिरल्यासारखं वाटतंय. काय ते खरं लिही, मी भ्यायलेय.

तुझी,
चिमटी

१८ मार्च

चि. चिमटीस,
अ. उ. आ.

पत्र मिळताच जा आणि ती बंदी उठव. बाकीचं नंतर वाच.

आमची आई याच हॉस्पिटलात गेली. मी आणि दादा दहा मिनिटांवर दुकानात होतो, तिच्याजवळ कोणी नव्हतं. दादाला ते कधीच सोसलं नाही. त्याने स्वतःला धरून बारा माणसं जमवली. सकाळी आठ ते रात्री आठ, प्रत्येकाचा एक तास. ज्याला कोणी नाही, किंवा ज्याच्या माणसांना काम सोडता येत नाही, त्याच्या खाटेशी बसायचं. आकडा म्हणजे ज्याची त्याची वेळ. माझी अकरा होती, गुडघे गेल्यावर ती दुसऱ्या कोणी घेतली; दादाची चार. कुठे बोलायचं नाही, ही शपथ. बोभाटा झाला की आभार येतात, आणि आजाऱ्याला त्याचं ओझं होतं. ती शपथ मी तुझ्यापाशीही पाळली, चिमटे. चूक माझी आहे.

रडत बसू नकोस, पळ.
आत्या

२२ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र काल पाचच्या सुमारास मिळालं. दुकान तसंच टाकून धावले. आठ दिवस बाबा माझ्यामुळे एकटे पडले, एवढंच डोक्यात होतं.

वॉर्डाच्या दाराबाहेर बाकावर शिलाईवाल्या काकू बसल्या होत्या, मांडीवर काजं करायला घेतलेला सदरा. सिस्टर म्हणाल्या, आत सोडत नाही म्हटल्यावर ही माणसं पहिल्या दिवसापासून इथे बसतात, बाबांना दारातून दिसतील अशी. तास चुकत नाही. फक्त चार ते पाच बाक रिकामा असतो, त्या वेळेला माणूस नाही. मला काकूंची माफी मागता येईना. त्यांनीच सदरा घडी केला आणि म्हणाल्या, "चल, अर्धा तास आहे अजून माझा."

बाबांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझं बोट घट्ट धरलं. मी पोटभर रडले.

आजपासून दुकानावर पाटी आहे. पावणेचार ते सव्वापाच बंद. कारण लिहिलेलं नाही.

आभार मानायचे नसतात, म्हणून नुसता नमस्कार.
चिमटी