घरच्यांनी मागून बसायचं

काकू, तुमच्या शेवटच्या आजारपणात मी भेटायला आले नाही आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही. वाटावं म्हणून थोडा प्रयत्न करून पाहिला होता. बारावीपर्यंत मी तुमच्या पुण्याच्या घरी राहिले. "राहू दे आमच्याकडे, शिकेलही आणि आमच्या धाकट्याकडे बघेलही," असं तुम्ही माझ्या वडिलांना सांगितलं होतंत. वडील भाबडे, ते हात जोडून गेले. मग शाळेतून आले की तुमचा धाकटा माझ्या कडेवर, आणि पुस्तक उघडायचं ते तो झोपल्यावर. आल्यागेल्याला तुम्ही कौतुकानं सांगायचात, "कामाला नाही हो ठेवलेली, घरचीच आहे." दिवाळीला तुमच्या मुलीचा विटलेला ड्रेस माझ्या अंगाला लावून बघायचात आणि म्हणायचात, "बघ, तुझ्याच मापाचा." उपकार करतानाचा तुमचा तो चेहरा, नुकतंच साजूक तूप खाल्ल्यासारखा, मला अजून सहन होत नाही.

धाकट्याच्या मुंजीचा दिवस तर मी विसरूच शकत नाही. सकाळपासून मी वाढते आहे, पोटात चहाशिवाय काही नाही. पंगतीत एक पाट रिकामा दिसतो आणि मी बसते. तुम्ही हसत हसत माझ्याजवळ वाकता आणि हळूच म्हणता, "अगं, तू पाहुणी आहेस का? घरच्यांनी मागून बसायचं." मी उठते. शेवटच्या पंगतीपर्यंत जिलबी संपलेली असते. मग फोटोवाला येतो, मी भाबडेपणानं तुमच्या मुलीशेजारी जाऊन उभी राहते, आणि तुम्ही त्याच गोड आवाजात सांगता, "तू जरा बाजूला हो गं, घरच्यांचा एक होऊ दे." म्हणजे मी जेवणापुरती घरची आणि फोटोपुरती परकी. आयुष्यात काहीही होईन पण तुमच्यासारखी होणार नाही, असं मी त्या दिवशी उष्टी ताटं उचलताना ठरवलं.

आता मी अमेरिकेत, कॅरीला राहते. दोन लहान मुलं, नवराबायको दोघं नोकरी करणारी. इथे ओ पेअर म्हणून एक प्रकार आहे. परदेशातली एखादी मुलगी वर्षभर घरात राहते, ठरलेल्या वेळेत मुलं सांभाळते, तिला खोली, जेवण, हातखर्च मिळतो, आणि वर म्हणे संस्कृतीची देवाणघेवाण होते. आमच्याकडे कोलंबियाची मुलगी आली. एजन्सीची बाई गोड हसून म्हणाली, तिला घरातलीच एक समजा. मला तुम्हीच आठवलात. आमच्या इथल्या मराठी मंडळींचं तर विचारूच नका. एक मैत्रीण मला म्हणाली, "लकी आहेस यार, लिव्ह-इन नॅनी, आणि कल्चर फ्री." देवाणघेवाण म्हणजे काय, तर त्या मुलीनं वरणभात खायचा आणि आम्ही तिच्या गावाचं नाव चुकीचं उच्चारून हसायचं. या सगळ्यांना मी मनातल्या मनात नाकं मुरडायचे. मी वेगळी होते ना. मी तिच्यासाठी नवाकोरा कुर्ता आणला होता, तिच्या मापाचा. माझी लेक तिला ताई म्हणते. तिनं आणखी एक वर्ष आमच्याकडेच राहावं अशी माझी फार इच्छा होती. ती राहिली असती, तर मी तुमच्यासारखी नाही हे एकदाचं सिद्ध झालं असतं.

गणपतीत रविवारी आम्ही लोकांना जेवायला बोलावलं. तिची सुट्टी होती, तरी ती तो कुर्ता घालून खाली आली, मुलांच्या मागे रांगेत उभी राहिली आणि तिनं ताट घेतलं. मी इतकी खुशीत होते की तिच्या हातातलं ताट हलकेच काढून घेतलं आणि इंग्रजीत म्हणाले, "तू घरचीच आहेस. घरचे मागून बसतात. चल, आपण दोघी वाढू." काकू, मी हे मनापासून म्हणाले. तिला पाहुण्यांतून उचलून घरात घेते आहे, असं मला वाटत होतं. ती अगदी नम्रपणे म्हणाली, "सो, अॅम आय वर्किंग टुडे?" लेक म्हणाली, "बट आई, शी इज हंग्री." मी ताट परत दिलं, सॉरी म्हटलं, चार वेळा आग्रह केला. ती भातच तेवढा खाऊन वर गेली.

तुम्हीही तेव्हा मनापासूनच म्हणाला होतात का, असा एक विचार मनात आला. मी तो लगेच झटकला. फोटोच्या वेळी काय केलंत मग? माझ्याकडे फोटोच्या वेळी तीच मैत्रीण म्हणाली, "तिला काढू दे ना फोटो, तुम्ही फॅमिली उभे राहा." मी जाऊन तिला वरून बोलावून आणलं आणि मधोमध उभं केलं. तुमची जिरवली असं तेव्हा वाटलं. त्या फोटोत आम्ही सगळे दात काढून हसतो आहोत आणि ती दाराकडे बघते आहे.

पुढच्या वर्षासाठी ती हर्नडन नावाच्या दुसऱ्या गावी एका घरी जाते आहे. तिथे काय वेगळं आहे, असं मी विचारलं. ती खुशीत म्हणाली, "ते मला फॅमिली म्हणत नाहीत. वेळ संपली की थँक यू म्हणतात."

हे पत्र कुठे पाठवणार, आणि पाठवलं असतं तरी तुम्ही ते हसत हसत चारचौघींना वाचून दाखवलं असतंत. तीही कधीतरी मला असंच एक लिहील. ती ते स्पॅनिशमध्ये लिहील आणि मला ते वाचता येणार नाही, याचं मला बरं वाटतं.