दोन्ही हातांनी कप

४ फेब्रुवारी
आज लेकीचं रक्त तपासणीला दिलं. निकाल तीन आठवड्यांनी! तोवर मी काय करायचं, ते कोणी सांगत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, थरथर तुमच्या आईकडून तुमच्यात आली. हिच्यात येईलच असं नाही. नाणं उडवल्यासारखं आहे." माझं नाणं कधी सरळ पडलंय?
लेक अडतीसची झाली. माझा हात याच वयात कापू लागला.

९ फेब्रुवारी
ती चहाचा कप दोन्ही हातांनी धरते! इतकी वर्षं माझे डोळे कुठं होते? आज तीनदा चोरून पाहिलं. "बाबा, काय बघताय?" म्हणाली. "काही नाही."

१३ फेब्रुवारी
एकच आठवत राहतं. ती नऊ वर्षांची होती. माझी थरथर नुकतीच सुरू झालेली. घरी आलो, तर हिनं माझ्या घड्याळदुरुस्तीच्या बाकावर बसून गजराचं घड्याळ खोललेलं, परत जोडलेलं, चालूही केलेलं! शाबास म्हणायचं सोडून मी चिमटा हिसकावला. "उद्या हात कापायला लागला की उपाशी मरशील!" — असं नऊ वर्षांच्या पोरीला. पुन्हा हत्यारांना हात लावू दिला नाही. ती शाळेत कारकून झाली. घड्याळाच्या दुकानासमोर अजून पाय रेंगाळतात तिचे.

१८ फेब्रुवारी
दवाखान्यातून आजही फोन नाही.

२५ फेब्रुवारी
नाही निघालं! तिच्यात नाहीच! दवाखान्यातच रडलो.
मग कपाचं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मग कप असा का धरतेस गं?" लेक हसली. "बाबा असाच धरायचे. मला वाटलं, कप असाच धरतात." सगळे हसले. मला नाही आलं हसू. रोग तिला दिला नाही, पण बाकीचं सगळं दिलंच की मी.

२ मार्च
हत्यारांची पेटी आणि एक बंद पडलेलं घड्याळ तिच्यापुढं ठेवलं. "बस बाकावर." तिनं चिमटा उचलला — हात थरथरला! स्क्रू दोनदा पडला. रक्ताच्या बाटल्या तर बदलल्या नसतील? म्हटलं, "राहू दे, पोरी. ठेव."
तिनं ठेवला नाही. मान वर न करता म्हणाली, "बाबा, तुम्ही जरा बाहेर जाता?"

त्याच दिवशी, संध्याकाळी
तासभर पायरीवर बसलो. मग दाराला कान लावला. टिकटिक!